निलगिरी, मेंथॉल आणि वाफ: चोंदलेलं नाक मोकळं करताना काय सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवडाभर नाक चोंदलंय, रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो, म्हणून उकळत्या पाण्यात निलगिरीच्या तेलाचे पाच-सहा थेंब टाकून टॉवेलखाली वाफ घेताय. घेताना बरं वाटतं, पण डोळे चुरचुरतात आणि तासाभरात नाक पुन्हा बंद. थेंब वाढवावेत का, चार वर्षांच्या मुलीला आणि दमा असलेल्या सासूबाईंना तीच वाफ द्यावी का, आणि वाफेचं यंत्र घेतलेलं बरं का, हे तुम्हाला विचारायचंय.

आधी सरळ उत्तरं देते. थेंब वाढवू नका, दोनावर आणा. मुलीला पातेल्याची वाफ अजिबात नको, तेल घातलेली तर नकोच. सासूबाईंना तेलाची वाफ नको. साधी चालू शकते, पण अटींवर. यंत्राचं पुढे सांगते. आता कारणं, कारण ती कळली की बाकीच्या शंकांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

नाक शेंबडाने बंद होतं असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण शिंकरत राहतो. प्रत्यक्षात चोंदण्याचा मोठा वाटा सुजेचा असतो. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टर्बिनेट नावाच्या मांसल घड्या असतात आणि त्यांच्यात रक्त साठवणाऱ्या शिरांचं जाळं असतं. सर्दीत हे जाळं रक्ताने भरतं, घड्या स्पंजासारख्या फुगतात आणि वाट अरुंद होते. आडवं झाल्यावर डोक्याकडचं रक्त सहज खाली उतरत नाही, म्हणून रात्री त्रास वाढतो. एक नाकपुडी उघडी आणि दुसरी बंद, मग काही वेळाने उलटं, हाही याच जाळ्याचा खेळ. निरोगी माणसातही तो दिवसभर चालू असतो, फक्त सर्दीत जाणवतो.

वाफ यात काय करते? घट्ट झालेला स्राव ओला करून सैल करते, वाळलेल्या खपल्या मऊ करते, आणि गरम दमट हवेने नाकाला थोडा वेळ आराम वाटतो. सर्दीचा विषाणू तिने मरत नाही, आजाराचे दिवसही कमी होत नाहीत. इंग्लंडमध्ये वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ८७१ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी थोडी कमी झाली, बाकी लक्षणांत म्हणावा असा फरक पडला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना मात्र माफक का होईना, फायदा झाला. तरीही मी वाफ बंद करा म्हणत नाही. ज्याला पंधरा मिनिटं बरं वाटतं आणि त्या पंधरा मिनिटांत झोप लागते, त्याने ती जरूर घ्यावी. फक्त ती आराम देते, उपचार करत नाही, एवढं धरून चालावं.

आता तेलाकडे येऊ, कारण खरा घोटाळा इथे होतो. निलगिरीच्या तेलात मुख्यतः सिनिओल असतं, पुदिन्याच्या तेलात मेंथॉल, ओव्यात थायमॉल. यातल्या मेंथॉलचं काम सगळ्यात नीट समजलेलं आहे. नाकातल्या ज्या मज्जातंतूंना गारवा कळतो, त्यांच्यावर टीआरपीएम८ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे असा निरोप टिपणारं प्रथिन, असतो. मेंथॉल त्याला जाऊन चिकटतं आणि मेंदूला निरोप जातो की गार हवा आत येतेय. नाक मोकळं आहे की नाही हे मेंदू बऱ्याच अंशी या गारव्यावरूनच ठरवतो. म्हणून मेंथॉल हुंगल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं, पण उपकरणाने मोजलं तर हवेची वाट होती तेवढीच अरुंद असते. हा ग्राहक शोधताना डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोन्ही शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मेंथॉलच वापरलं होतं. त्यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तर तेलाने सूज उतरत नाही, फक्त मोकळेपणाचा भास होतो. तो भास वाईट नाही, झोपेच्या वेळी तर फारच उपयोगाचा. पण भास वाढवायला तेल वाढवलं की नाक जास्त उघडत नाही, फक्त डोळ्यांची आणि घशाची आग वाढते. तुमचे डोळे चुरचुरतात ते यामुळेच.

पातेल्यात काय होतं ते एकदा बारकाईने पाहा. तेल पाण्यात विरघळत नाही. थेंब पडला की पाण्यावर पातळ, चकाकणारा तवंग पसरतो आणि उष्णतेने पहिल्या मिनिटाभरातच त्यातला बराचसा भाग उडतो. म्हणजे टॉवेल डोक्यावर ओढून घेतलेले पहिले चार श्वास सगळ्यात तीव्र. ठसका लागतो तो तेव्हाच. तिसऱ्या मिनिटाला वास येईनासा होतो. थोडं कारण तेल उडून गेलेलं असतं, आणि थोडं कारण नाक त्या वासाला सरावलेलं असतं. इथे माणसं टॉवेलखालूनच हात बाहेर काढून बाटली चाचपतात आणि आणखी तीन थेंब टाकतात. हे करू नका. वास गेला तरी वाफ चालू असते, आणि खरं काम तिचंच आहे.

जुन्या औषधशास्त्रात मेंथॉल-निलगिरीचं एक ठरलेलं मिश्रण आहे. १०० मिलीमध्ये २ ग्रॅम मेंथॉल, १० मिली निलगिरी तेल आणि ७ ग्रॅम हलकं मॅग्नेशियम कार्बोनेट. त्यातलं चमचाभर, म्हणजे ५ मिली, साधारण अर्धा लिटर पाण्यात घालायचं, आणि सूचना अशी की पाणी गरम हवं, उकळतं नको. हिशोब केला तर त्या चमच्यात अर्धा मिली तेल येतं, म्हणजे तुमच्या पाच-सहा थेंबांहून जास्त. मग मी दोनच का म्हणते? कारण त्या मिश्रणात मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड तेलाला धरून ठेवते, पाण्यात पसरवते आणि सावकाश सोडते. घरी बाटलीतून टाकलेल्या तेलाला धरणारं काहीच नसतं. लिटरभर गरम पाण्यात एक थेंब, फार तर दोन, एवढं पुरतं. मेंथॉलचे खडे मिळतात, ते घरी वापरू नयेत असं माझं मत आहे. केवढा खडा टाकला म्हणजे जास्त झालं याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. औषधाच्या दुकानात वाफेसाठीच्या कॅप्सूल मिळतात, त्या कात्रीने टोक कापून पाण्यात पिळायच्या असतात. त्यांत कापूर, मेंथॉल, निलगिरी असं सगळं असतं आणि त्या दिसतात हुबेहूब गिळायच्या गोळीसारख्या. गोळ्यांच्या डब्यात त्या ठेवू नका, चुकून गिळल्या जातात. टिंक्चर बेंझोइन हा आणखी एक जुना प्रकार. वास सौम्य, पण भांड्याला चिकट राळ धरते, आणि ते अल्कोहोलमध्ये असल्यामुळे पेटत्या शेगडीजवळ बाटली उघडायची नाही.

आता वाफ घ्यायची कशी. भाजण्याच्या घटनांमध्ये वाफेने चेहरा पोळला असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा पाणी सांडतं, आणि ते सांडतं मांडीवर, पोटावर, जांघेत. पातेलं पलंगावर किंवा मांडीवर घेतलेलं असतं, नाहीतर टॉवेलचं टोक पातेल्याखाली किंवा त्याच्या कडीत अडकलेलं असतं आणि मान वर करताना पातेलंही ओढलं जातं. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाच-एक सेकंदांत खोलवर भाजते, मुलांची त्याहून लवकर. उकळी आलेलं पाणी गॅसवरून उतरवून दहा मिनिटं ठेवलं तरी ते ६० च्या बरंच वर असतं. कपड्यांत पाणी मुरलं की ते कातडीला धरून बसतं, म्हणून पाच सेकंद कसे जातात कळतही नाही.

म्हणून जागा आधी ठरवा. भिंतीला लागून असलेलं, न हलणारं टेबल; त्यावर एक मोठा पसरट टब किंवा परात, आणि तिच्यात रुंद बुडाचं जड पातेलं. कलंडलंच तर पाणी परातीत राहतं. उकळत्या पाण्याचं उघडं पातेलं हातात घेऊन घरभर फिरायचं नाही. किटलीत पाणी तापवून जागेवर ओता आणि पातेलं अर्धंच भरा. ओतल्यावर पाचेक मिनिटं तसंच राहू द्या. तेल घालायचं असेल तर एक थेंब टाका, तवंगावरची पहिली झुळूक जाऊ द्या आणि मग बसा. चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, डोळे मिटलेले ठेवा. चेहरा पाण्यापासून फूटभर, म्हणजे किमान ३० सेंटिमीटर वर. टॉवेल घ्यायचाच तर छोटा, खांद्याच्या खाली न लोंबणारा घ्या. मला विचाराल तर टॉवेल नसलेलाच बरा. वाफ थोडी कमी मिळते, पण पातेलं ओढलं जात नाही आणि ठसका लागला तर लगेच मागे होता येतं.

नाकाने श्वास आत, तोंडाने बाहेर, नेहमीच्या लयीत. खोल दम भरून ओढायची गरज नाही. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा; त्यापुढे वाढवून काही हाती लागत नाही. चेहऱ्याला बोचायला लागलं तर ते सहन करायचं नसतं, लांब व्हायचं. वाकून गरम वाफेत बसल्यावर काहींना गरगरतं, विशेषतः ताप असेल किंवा पोटात काही नसेल तर, म्हणून झटकन उभं राहू नका. झाल्यावर एकेक नाकपुडी हळू शिंकरा. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं की स्राव मागे कानाकडे आणि सायनसमध्ये ढकलला जातो. वाफ घेतल्यावर वाऱ्यात गेलं की सर्दी उलटते असं सांगतात, त्याला आधार नाही. ओल्या चेहऱ्याला गार लागतं, इतकंच. आणि पातेलं लगेच रिकामं करा. वाफ संपली तरी पाणी पोळणारंच असतं.

मुलांबद्दल मी कडक आहे. चार वर्षांचं मूल ताटाएवढ्या गरम पाण्यापुढे दहा मिनिटं हात न घालता बसेल, ही अपेक्षाच चुकीची. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने घरोघर वाफ सुरू झाली, तेव्हा बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नोंद केली की वाफ घेताना भाजलेल्या मुलांची संख्या त्यांच्याकडे नेहमीच्या तीसपट झाली. मोठ्यांच्या मांडीवर बसवून द्यायची युक्ती तर सर्वांत वाईट. सांडलं की दोघंही भाजतात. मुलीसाठी बाथरूमचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर काही मिनिटं सोडा आणि तिला घेऊन शॉवरपासून लांब, कोरड्या कोपऱ्यात बसा. पाण्यात तेल नाही, जवळ पातेलं नाही. तेवढ्याने भागत नसेल तर नाकात सलाइनचे थेंब. पालकांना ते किरकोळ वाटतात, पण लहान मुलांत ते वाफेपेक्षा जास्त कामाचे आहेत.

मेंथॉल आणि कापूर दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर, उशीवर, कुठेच नको. तान्ह्या बाळांत मेंथॉलच्या तीव्र वासाने स्वरयंत्र आवळलं जाऊन श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत. आणि ही तेलं पोटात गेली तर मोठ्या मुलांतही गंभीर प्रकार होतो. निलगिरीचं तेल काही मिलीच गेलं तरी गुंगी, झटके आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. कापराने काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवायची नाही, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठायचं. बाटलीची जागा कुलपात. वाफ घेताना जवळच्या टेबलावर उघडी राहिलेली बाटलीच मुलांच्या हाती लागते.

सासूबाईंचा दमा. तीव्र वास, मग तो कितीही नैसर्गिक असो, दम्याच्या श्वासनलिका आवळू शकतो. काहींना निलगिरीने काहीच होत नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. साधी वाफसुद्धा त्यांनी एकट्याने, टॉवेलखाली घेऊ नये. नेहमीचा पंप हाताशी असावा आणि छातीत आवळल्यासारखं वाटलं की लगेच थांबावं. फिट येणाऱ्यांनी निलगिरी, कापूर दोन्ही टाळावं. नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालंय किंवा घोळणा फुटून रक्त येतंय, तर गरम वाफेने शिरा आणखी फुगतात, म्हणून थांबा. गरोदरपणात साधी वाफ चालते. वय झाल्यामुळे हात कापत असतील तर पातेल्याऐवजी यंत्र बरं.

यंत्रात पाणी कमी आणि बंदिस्त असतं, सांडण्याचा धोका घटतो, म्हणून मोठ्यांसाठी ते मला पातेल्यापेक्षा आवडतं. पण त्याच्या तोंडाशी येणारी वाफ पहिल्या क्षणी पोळते, तेव्हा मास्कमध्ये नाक खुपसून बसायचं नाही. तेल टाकीत टाकू नका. बहुतेक यंत्रांचं प्लास्टिक तेलाने तडकतं, म्हणून औषधासाठी वेगळी वाटी किंवा पॅड दिलेलं असतं. ते नसेल तर साधं पाणीच. पाणी भरताना प्लग काढा, वायर टेबलावरून खाली लोंबू देऊ नका. आणि नेब्युलायझर म्हणजे वाफेचं यंत्र नव्हे. त्यात औषधाचे बारीक तुषार थेट फुप्फुसात जातात. तेल गेलं तर तेलामुळे होणारा न्यूमोनिया होऊ शकतो. याच कारणाने नाकात बोटाने तेल लावणं किंवा थेंब सोडणंही नको.

भाजलंच तर: कपडे, अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, पण कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-तेल नको. हे पाणी भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत उपयोगी पडतं, म्हणून उशीर झाला तरी करा. नंतर स्वच्छ ओलसर कापडाने किंवा क्लिंग फिल्मने झाकून डॉक्टर. चेहरा, डोळे, जांघ, हात भाजले असतील, किंवा मूल असेल, तर जखम लहान दिसली तरी दाखवायचंच.

आता तासाभरात पुन्हा बंद होणाऱ्या तुमच्या नाकाचं. वाफेची साथ मिठाच्या पाण्याला द्या. उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू दिलेलं पाणी कोमट करा, २५० मिलीला अर्धा सपाट चमचा मीठ, आणि दोन्ही नाकपुड्या धुवा. नळाचं न उकळलेलं पाणी वापरू नये; नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन बहुतेक वेळा जीवच घेतो. घटना दुर्मीळ आहेत, पण पाणी उकळणं इतकं सोपं आहे की ती जोखीम घ्यायचं कारणच नाही. रात्री उशाकडची बाजू उंच करा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे फुगलेल्या शिरा खरोखर आकुंचित करतो, म्हणजे नाक भासापुरतं नव्हे, प्रत्यक्षात उघडतो. रक्तदाब, हृदय किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर विचारूनच घ्या, आणि पाच दिवसांच्या वर नको. त्यापुढे स्प्रे उतरला की नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, माणूस पुन्हा स्प्रे मारतो आणि महिनोन्‌महिने त्यात अडकतो.

सर्दीचं नाक साधारण दहा दिवसांत सुधारू लागतं, तुमचा सातवा दिवस आहे. स्राव पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच असं नाही. पण दहा दिवसांनंतरही काहीच फरक नसेल, किंवा मध्ये बरं वाटून पुन्हा ताप आणि चेहऱ्याचं दुखणं वाढलं, तर तपासून घ्या. शिंका, खाज आणि पाणी वाहणं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ती अ‍ॅलर्जी, तिचं औषध वेगळं. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत राहिला तर दुर्बिणीने आत पाहावं लागतं. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव आला तर आत मणी नाहीतर खोडरबराचा तुकडा असण्याची शक्यता दाट. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडणं, असह्य डोकेदुखी किंवा मधुमेही माणसाच्या नाकातून काळसर खपल्या, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय, मग ती मध्यरात्र का असेना.